थंड मातीवरचा पाचोळा

मानेसर,
पौष वद्य द्वादशी, किंक्रांत

सुनीतीस,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिला असं समज.

भालचंद्र भावोजी गेल्यापासून आपण जिन्यात समोरासमोर आलो की तू कठड्याकडे बघतेस आणि मी भिंतीकडे. अशा बाईला मी पत्र लिहिते आहे, तेव्हा गरज माझी आहे हे तुला कळलंच असेल. आधी हसून घे, मग पुढे वाच. फोन केला असता, पण कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, आणि फोन लावून द्यायला मयुरा लागते. सुनेच्या देखत जावेशी भांडायची माझी इच्छा नाही.

काल विक्रांतने मोबाइलवर अंगणाचा फोटो दाखवला. माझ्या अळूच्या वाफ्यावर आणि मोगऱ्याच्या आळ्यात पाल्याचे ढीग! कुणी घातले म्हटलं तर म्हणतो, "काकूने बहुतेक." बहुतेक कशाला? त्या घरात मी नाही म्हटल्यावर दुसरं आहे कोण? तू आणि रिजच्या जंगलातली माकडं. माकडं तरी थोडा विचार करतात.

पाला आजच्या आज काढ. थंडीत माती उघडी ठेवायची असते. दुपारचं जे काही मरतुकडं ऊन येतं ते तिच्या पोटात गेलं पाहिजे. वरून गोधडी घातलीस तर ऊन आत शिरणार कुठून? थंड माती झाकली तर ती थंडच राहते. अळूचे गड्डे खाली झोपलेत, ते थंडीत कुजतील.

एवढी चडफड का करते आहे तेही ऐक. कार्तिकात ओट्यावरून पडले, खुबा मोडला, आणि विक्रांतने मला इस्पितळातून घरी न नेता थेट इथे आणलं. अकराव्या मजल्यावर. इथे माती म्हणजे मयुराच्या चपलेला लागून येते तेवढी. घरी कधी नेतोस विचारलं तर म्हणाला, "आई, तुझा जीव बागेत आहे ना? उन्हाळाभर बाग जिवंत राहिली तर पावसाळ्यात तुला नेतो. मेली तर तिथे फरशी घालू, दोन गाड्या उभ्या राहतील, तळमजला भाड्याने जाईल. मग तू इथेच." यांनी जाताना तळमजला लेकाच्या नावावर केला. माझ्या नावावर एक तुळसदेखील नाही. तेव्हा बाग राहिली तर मी माझ्या घरात मरेन, नाहीतर या लिफ्टमध्ये.

खुबा जुळत आला आहे. मला तुझी दया नको. पाला काढ, मोगऱ्याला आठवड्यातून एकदा पाणी घाल, आणि बाकी हात लावू नकोस.

कुमुदिनी

---

दिल्ली,
२३ जानेवारी

वहिनींस,

नमस्कार. पद्धत मलाही ठाऊक आहे.

डिसेंबरात इथे आठवडाभर सूर्य दिसला नाही. तुमच्या कढीपत्त्याचे शेंडे काळे पडले. उघड्या मातीतली ऊब रात्री निघून जाते, वर आवरण असलं तर टिकते. मी आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला आहे, एवढं मला समजतं. म्हणून पाला घातला. तुमच्यावरच्या प्रेमाने नव्हे. वाऱ्याने तो माझ्या जिन्यात येत होता, कुठेतरी टाकायचा होताच.

आता काढला आहे. कडुनिंबाच्या बुंध्याशी रचला आहे. माती उघडी आहे, आणि पहाटे तिच्यावर पांढरं पडतं. काही गारठून मेलं तर माझ्या नावाने ओरडू नका.

तुम्ही "माझा वाफा, माझं अंगण" असं लिहिता. हे घर बांधलं तेव्हा अंगण दोन्ही मजल्यांचं असं दोघा भावांनी ठरवलं होतं, ते विसरलात का? मी लग्न होऊन आले तेव्हा एक जास्वंदीची कुंडी खाली ठेवली होती. तुम्ही ती गड्याकरवी गच्चीत पाठवलीत आणि म्हणालात, "वरच्यांनी वर शोभा करावी." तेव्हापासून मी अंगणातून फक्त चालत जाते, तेही कडेकडेने.

पाणी घालीन. कारण खाली गाड्या आल्या तर पहाटे पाचला हॉर्न माझ्या खिडकीखाली वाजेल. बाग मला नको आहे, पण गाड्या त्याहून नको आहेत. तुम्ही परत यावं की नाही, याबद्दल मी काही लिहीत नाही.

सुनीती

---

मानेसर,
माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र

सुनीतीस,

लिहीत नाही म्हणजे काय ते मला वाचता येतं. चौथी नापास असले तरी.

कढीपत्त्याचं मला सांगू नकोस. तो दर थंडीत मेल्याचं सोंग करतो आणि होळीला फुटतो, तुझ्या मोठ्या नणंदेसारखा. आणि अंगण दोघांचं, चौघांचं हे बोलणं बंद कर. ज्याच्या नखात माती त्याचं अंगण. तुझी नखं मी पाहिली आहेत, खडूखाली झिजलेली.

आता नीट ऐक, पुढचं काम खरं आहे. आठवडाभरात कडुनिंब झडायला लागेल. सगळा पाला झाडून गोळा कर आणि कोरडा ठेव. गल्लीतला माली काडी लावून मोकळा होतो, त्याला फाटकाच्या आत घेऊ नकोस. तोच पाचोळा उन्हाळ्याचं पांघरूण. तो नसेल तर लू सुटली की माती तव्यासारखी तापते, सकाळी घातलेलं पाणी दुपारी वाफ होऊन जातं, आणि अळू एका दिवसात मान टाकतं.

घालायचा तो धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. आधी नाही, नंतर नाही. आधी भरपूर पाणी द्यायचं, माती पिऊ द्यायची, मग वीतभर पाचोळा. मोगऱ्याच्या आणि कढीपत्त्याच्या खोडाला चिकटवायचा नाही, चार बोटं सोडायची, नाहीतर दीमक चढून खोड पोखरेल. मी वर्षानुवर्षं असंच करत आले आहे. तू शहाणपणा करू नकोस. नकाशात माती नसते.

इथे अबोलीला सांगत होते, पाचोळा घालायची वेळ आली. नववीत आहे घोडी. म्हणते, "आजी, पाचोळा मतलब?" म्हटलं, वाळकी पानं. म्हणते, "अच्छा, कचरा!" मयुरा हसली. मी नाही हसले. बापाने माझ्या बागेकडे बघून तेच म्हटलं असणार, म्हणून पोरगी म्हणते.

मी रोज वॉकर घेऊन गॅलरीत फिरते. खालून कारखान्यांच्या बसगाड्या जातात, एकसारख्या. एकीलाही माझ्या घराकडे जायचं नसतं.

सांगितलं तेवढंच कर.

कुमुदिनी

---

दिल्ली,
५ मार्च

वहिनींस,

नमस्कार.

काल धुळवड झाली. आज सकाळी तुम्ही लिहिल्याप्रमाणे सगळ्या वाफ्यांना पाणी दिलं आणि वीतभर पाचोळा घातला. खोडापासून चार बोटं सोडली. आधी नाही, नंतर नाही.

कडुनिंब अजून निम्मा झडायचा आहे, म्हणून पाचोळ्यात थंडीत काढून ठेवलेला जुना पाला मिसळला. रात्री मला अजून रजई लागते. यंदा अधिक महिना येणार असल्याने होळी लवकर आली, असं कॅलेंडरात दिसतं. ही केवळ माहिती. त्यावर माझं काही मत नाही, कारण शहाणपणा करू नकोस असं तुम्ही बजावलं होतं.

मालीला फाटकातूनच परत पाठवलं. तो मला 'छोटी बीबीजी' म्हणतो. तुमच्यासाठी त्याचा शब्द वेगळा आहे, तो इथे लिहीत नाही.

सुनीती

---

मानेसर,
चैत्र पाडवा

सुनीतीस,

आपल्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सांगितलेलं ऐकलंस. तेव्हाच ऐकत गेली असतीस तर निम्मी भांडणं वाचली असती.

आता अळूचे कोंब वर आले असतील. पाचोळ्यातून पोपटाच्या चोचीसारखे दिसतात. विक्रांतला फोटो पाठव, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल. माली मला काय म्हणतो ते मला माहीत आहे. मीच शिकवलं त्याला ऐकून घ्यायला.

कुमुदिनी

---

दिल्ली,
२ एप्रिल

वहिनींस,

नमस्कार. वाईट बातमी एकदमच लिहिते, म्हणजे तुम्हाला मधल्या ओळीत दम लागणार नाही.

अळू आलं नाही.

धुळवडीनंतर आभाळ भरून आलं. चार दिवस पाऊस झाला, गाराही पडल्या. पाचोळा चिंब झाला आणि पुढे ऊन पडलं तरी खालून वाळेना. पाडव्याला एकही कोंब नव्हता. वाट बघून परवा एका कोपऱ्यात पाचोळा बाजूला करून खुरप्याने उकरलं. गड्डे मऊ झाले होते, बोट लावलं की आत जाई, आणि वास येत होता. दुसरा कोपरा उकरला, तिथेही तेच. मोगरा ठीक आहे. कढीपत्ता फुटला आहे, त्याबद्दल तुमचं बरोबर होतं.

रविवारी विक्रांत आला होता. वाफ्यांचे फोटो काढले. सोबत फरशीवाला होता, त्याने टेप लावून फाटकापासून ओट्यापर्यंत मापं घेतली. तुम्हाला त्याने सांगितलं असेलच.

सुनीती

---

मानेसर,
चैत्र वद्य चतुर्थी

सुनीते,

त्याने काही सांगितलेलं नाही. मला फक्त फोटो दाखवला आणि म्हणाला, "आई, मी म्हटलं होतं ना?" फरशीवाल्याचं तुझ्या पत्रात वाचते आहे.

आता तुझ्याबद्दल. अगं भवाने, रजई लागत होती तर तुझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही? मी असते तर आधी मातीत बोट घातलं असतं. दुसऱ्या पेरापर्यंत गार लागली असती तर पाडव्यापर्यंत थांबले असते. पाऊस आला तर पाचोळा ओढून बाजूला करायचा, ऊन पडलं की परत घालायचा, हे काय लिहून द्यायला लागतं? आभाळ भरलेलं डोळ्यांना दिसत नव्हतं? ओल्या थंडगार गोधडीखाली कुणी तान्हं मूल झोपवेल का? एवढं कळत नाही?

शाळेतली पोरंसुद्धा उत्तर चुकलं की खोडतात. तू मात्र वरच्या खिडकीत बसून माझे गड्डे कुजताना बघितलेस.

माझ्या सासूने ते गड्डे ग्वाल्हेरहून पदरात बांधून आणले होते. दिल्लीतल्या अर्ध्या मराठी घरांत माझ्या पानांशिवाय वड्या झाल्या नाहीत. आणि तू ते एका महिन्यात संपवलंस. विक्रांतने तुला काय कबूल केलं आहे? गच्चीवर खोली? बोल की.

कुमुदिनी

---

दिल्ली,
११ एप्रिल

वहिनींस,

कळत होतं.

तुम्ही पाचोळा कधी घालता ते माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी लग्न झाल्यापासून बघते आहे. होळी उशिरा असली की धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी. होळी लवकर आली की तुम्ही वाफ्याशी उकिडव्या बसता, मातीत बोट घालता, तोंड वाकडं करता आणि उठून जाता. पुन्हा दोन दिवसांनी बसता. अशा वर्षी पाचोळा पाडव्याला पडतो, एखाद्या वर्षी पाडव्यानंतरही. तुम्ही स्वतः काय करता ते तुम्हाला ठाऊक नाही, वहिनी. तुम्ही मला जे लिहून पाठवलंत ते तुम्ही कधीच नेमाने केलेलं नाही.

मला ठाऊक होतं, आणि मी घातला. आधी नाही, नंतर नाही. पाऊस आला तेव्हा ओढून काढायचा हेही ठाऊक होतं. तुमच्या पत्रात नव्हतं, म्हणून काढला नाही. मला पस्तावा झालेला नाही. का ते विचाराल, म्हणून सांगते.

ह्यांच्या पहिल्या श्राद्धाच्या सकाळी मी तुमच्या दारात उभी होते. अळूच्या भाजीशिवाय पान वाढता येत नाही, हे मला तुमच्याच सासूने शिकवलं. तुम्ही जाळीचं दार न उघडता म्हणालात, "यंदा पानं संपली." दुपारी कौशल्याबाई तुमच्या दारातून पिशवी भरून पानं घेऊन गेल्या. त्या माझ्याच ओळखीच्या, मला जिन्यात दाखवून गेल्या, किती छान मोठी आहेत म्हणून.

आता विक्रांतचं. त्याने मला काहीही कबूल केलेलं नाही. डिसेंबरात तो तुमचे कपडे न्यायला आला होता तेव्हा म्हणाला, "काकू, बागेला पाणी घालत बसू नका यार, आपोआप जाईल. आईला तिकडेच ठेवायचं आहे." तुमच्याशी त्याने जी पैज लावली, ती त्याने आधीच जिंकून ठेवली होती. मी त्याचं ऐकलं नाही, पाणी घातलं. तुमचं ऐकलं. दोन्ही मी माझ्या मर्जीने केलं.

आणखी एक. अंगण सामाईक आहे, त्यामुळे फरशी घालायला माझा होकार लागतो. रविवारी तो तेच मागायला आला होता. मी विचार करते म्हणाले.

मी नाही म्हणू शकते. फरशी नाही तर गाड्या नाहीत, आणि गाड्या उभ्या करायची सोय नसेल तर त्याने ठरवलेला कोचिंग क्लासवाला भाडेकरू येणार नाही. तळमजला रिकामा राहील, आणि रिकाम्या घरात तुम्हाला येऊ न द्यायला त्याच्याकडे कारण उरणार नाही. अळूही आहे. तुम्ही दरवर्षी जादा गड्डे उपटून फाटकाबाहेर टाकत होता, ते मी उचलून गच्चीत जुन्या बादल्यांत लावले. त्या श्राद्धानंतर मला कुणाच्या दारात उभं राहावं लागलेलं नाही. ते मी खाली लावीन.

पण अंगणाचा निम्मा भाग माझा, हे तुम्ही तुमच्या अक्षरात लिहून कळवायचं. आडून नाही, सरळ. आणि ते अळू माझं असेल.

सुनीती

---

मानेसर,
चैत्र वद्य त्रयोदशी

सुनीते,

कौशल्येने आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं. तूही सांगायचंस. मेलेल्या माणसाची तिथी काय अचानक येते? तुम्ही नोकरीवाल्या बायका, ऐन वेळी दारात उभ्या राहायचं आणि वर दुसऱ्याने लाजायचं.

माझ्या उकिरड्यातून उचललेले गड्डे मलाच दाखवतेस? आणि वर अर्धं अंगण? आधी माझा दुसरा खुबा मोड, मग माग.

विक्रांत तसं म्हणाला, यावर माझा विश्वास नाही. तू घरं फोडणारी आहेस.

कुमुदिनी

---

दिल्ली,
१८ एप्रिल

वहिनींस,

विश्वास ठेवू नका. तो तुमच्याच पंगतीला जेवायला बसतो, विचारून घ्या.

तो पुढच्या रविवारी फरशीवाल्याला घेऊन येतो आहे. तोवर तुमचं पत्र आलं नाही, तर मी हो म्हणेन आणि झोपेची खोली मागच्या बाजूला नेईन. हॉर्नची सवय होते म्हणतात. गड्डे बादल्यांत आहेत, त्यांना घाई नाही.

सुनीती

---

मानेसर,
वैशाख शुद्ध सप्तमी

सुनीतीस,

विचारलं.

जेवताना विचारलं, सगळ्यांसमोर, म्हणजे मला नीट ऐकू आलं नाही असं कुणाला म्हणायची सोय नको. म्हटलं, विक्रांत, काकूला बागेला पाणी घालू नका म्हणालास? त्याने घास गिळला. मग म्हणतो, "आई, प्रॅक्टिकली विचार कर ना यार." आईला यार! म्हटलं, हो की नाही ते सांग. म्हणतो, "तू परत पडलीस तर कोण बघणार? मला मानेसरहून यायला दोन तास लागतात." मयुरा म्हणाली, "आई, इथे तुम्हाला काय कमी आहे?" म्हटलं, मला इथे सगळं आहे गं, कामच नाही. मग ती अबोली, जिला पाचोळा कळत नाही, ती पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, "पप्पा, ये तो चीटिंग है."

नंतर मी त्याला खोलीत बोलावलं. म्हटलं, पुढच्या सोमवारी मी माझ्या घरी जाते. नेतोस तर गाडीने ने. नाहीतर वॉकर घेऊन खाली उतरते आणि तुझ्या कंपनीच्या बसच्या थांब्यावर बसते. तुझेच लोक विचारतील, आजी, कुणाच्या? मी सांगेन. तो म्हणाला, "आणि फरशी?" म्हटलं, फरशीला काकू नाही म्हणणार आहे. म्हणाला, "काकू तुझ्यासाठी नाही म्हणेल?" मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला म्हणेल? ती स्वतःच्या अंगणासाठी म्हणेल.

तेव्हा ते तोंडातून गेलंच आहे, तर आता लिहिते. मयुराकडून नवीन पेन घेतलं आहे, शाई पुसट होती म्हणू नकोस.

कडुनिंबापासून फाटकापर्यंतचं अंगण दोघींचं आहे. निम्मं सुनीतीचं.

लिहिलं. आता चौकट करून भिंतीवर लाव.

पण काही गोष्टी ऐकून घे. एक रेघ मारून दोन वाफे करायचे नाहीत. मुळं रेघ मानत नाहीत, आणि मला रेघेच्या अलीकडे उभं राहून भांडायला आवडत नाही, जवळून आवडतं. कुजलेल्या गड्ड्यांची माती उपसून उन्हात पसर, त्यातच नवीन लावलेस तर तेही जातील. जास्वंद खाली आणायची असेल तर आण, पण नळासमोर नको, माझा वॉकर अडेल. श्राद्धाचं तू जे लिहिलंस त्यावर मी काही लिहिणार नाही. लिहिण्यासारखं असतं तर तेव्हाच दार उघडलं असतं.

माफी तुझ्याकडूनही नको. जाणूनबुजून गड्डे कुजवणारी बाई माफी मागायला लागली तर मला तिची भीती वाटेल.

सोमवारी दुपारपर्यंत पोहोचते. ओट्याच्या दोन पायऱ्या आहेत, तिथे विक्रांत धरेल. तू धरायला येऊ नकोस. खाली येऊन उभी राहिलीस तरी चालेल, अंगण तुझंही आहे.

नवीन गड्डे लावले असतील तर पाणी देत राहा. वैशाखाचं ऊन आहे, कोंब दिसेपर्यंत झाकायचं की कोंब आल्यावर झाकायचं, यावर माझं मत आहे आणि ते मी या कागदावर लिहिणार नाही. एकदा लिहून बघितलं. अळू तुझं आहे म्हणतेस, तर पाचोळा कधी घालायचा ते तू ठरव. मी खुर्ची टाकून बसेन. चुकलीस तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल. बरोबर केलंस तर मी काही बोलणार नाही, तेवढ्यावरून समजून घे.

कुमुदिनी